एका कुंडीच्या सात कुंड्या
घरच्या घरी स्नेक प्लांटची वाटणी, लागवड आणि निगा

बावधन हे मुळशी तालुक्यातले एके काळचे शेतीवाडीचे गाव. बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आले. त्याच्या आधीपासूनच टेकड्यांच्या पायथ्याला उंच सोसायट्या उभ्या राहू लागल्या होत्या. त्या सोसायट्यांत धुणीभांडी, स्वयंपाक, झाडलोट आणि रखवालीची कामे करणारी आपली माणसे आसपासच्या वस्त्यांत एका-दोन खोल्यांत संसार करतात. आजची हकिगत अशाच एका घरातली आहे.

आमच्या ओळखीच्या एक भगिनी बावधनच्या एका सोसायटीत कामाला जातात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्या एका घरमालकिणीने त्यांच्या हातात एक कुंडी दिली आणि खाली कचऱ्यात ठेवून यायला सांगितले. कुंडीत स्नेक प्लांट होते. तलवारीसारखी उभी, जाड, हिरवी पाने, त्यांवर फिकट आडवे पट्टे आणि काठाला पिवळी किनार. झाड टवटवीत होते, फक्त कुंडी एका बाजूने तडकली होती. कोणा वास्तू सांगणाऱ्याने म्हणे सांगितले होते, की टोकदार पानांचे झाड दारात असले की घरात भांडणे होतात, आणि कुंडी आपोआप तडकली हा तर उघड इशारा आहे!

आपल्या भगिनींना जिवंत झाड कचऱ्यात टाकवेना. त्यांनी ते घरी आणले. दाराशी पोहोचतात तोच शेजारच्या आजी म्हणाल्या, “लोकांची पीडा कशाला उचलून आणलीस गं? लेक यंदा दहावीला हाय तुझी.” झाले! दोन दिवस ती कुंडी उंबऱ्याच्या बाहेरच राहिली. तिसऱ्या दिवशी लेकच आमच्याकडे आली आणि तिने सरळ विचारले, “काका, झाडामुळं माणूस नापास होतो का हो?”

आम्ही हसलो खरे, पण नंतर विचारात पडलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला जुन्या समजुतींच्या गाठोड्यातून मोकळे केले. आज तेच गाठोडे वास्तूच्या नावाने नव्या कापडात बांधून आपल्या उंबऱ्याशी येत असेल, तर ते सोडून आत काय आहे ते पाहिलेच पाहिजे. म्हणून आम्ही त्या मुलीला म्हणालो, “पेपर संपू देत तुझे. मग दोघे मिळून कुंडी फोडू आणि ती का तडकली ते बघू.”

कुंडी का तडकली?

मार्चमधल्या एका रविवारी तडकलेली कुंडी आडवी करून फोडली. आत माती थोडी आणि गड्डेच फार! या झाडाचे खरे खोड जमिनीखाली आडवे वाढते. दिसायला ते आल्याच्या गड्ड्यासारखे, पण बोटाएवढे जाड असते. त्यालाच ठिकठिकाणी फुटवे येतात आणि वर नवी पाने निघतात. दोन-तीन वर्षांत या गड्ड्यांनी कुंडी भरते. जागा संपली की ते कडेला रेटा देतात. प्लास्टिकची कुंडी फुगते आणि शेवटी फाटते, मातीची असेल तर तडकते. एवढाच तो इशारा! मुलीने आजींना बोलावून गड्डे दाखवले. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजी जागा पुरंना म्हणून व्हय.” एका खोलीत सहा माणसांचा संसार केलेल्या आजींना हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

झाड कुठले, नाव कुठले?

हे पिवळ्या काठाचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. शास्त्रज्ञ त्याला अनेक वर्षे सॅन्सेव्हिएरिया म्हणत. २०१७ पासून त्याची गणना ड्रॅसिना या वंशात होऊ लागली. नर्सरीत मात्र जुनेच नाव चालते. काही जण याला ‘सासूची जीभ’ म्हणतात. परदेशातून आलेले हे नाव आपण मुळीच वापरू नये. बाईमाणसाची टिंगल करायला झाडाचे निमित्त कशाला?

याचाच एक देशी भाऊबंद आपल्या भारतात उगवतो. त्याच्या पानांतून चिवट धागा निघतो आणि त्याच्या दोऱ्या वळतात. जुन्या ग्रंथांत ‘मूर्वा’ नावाची एक वनस्पती येते, तिच्या धाग्याची धनुष्याची दोरी करीत. मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर जाणकारांत एकमत नाही, पण काहींच्या मते ती हीच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुंजीच्या वेळी कमरेला बांधायच्या मेखलेचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाची मेखला मुंज गवताची, क्षत्रियाची मूर्वेची, वैश्याची तागाची. शूद्राला मेखला नाही, कारण त्याला मुंज नाही आणि विद्याही नाही. गवताचीसुद्धा अशी वर्णवार वाटणी करणारे ते पुस्तक बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले. झाडाला वर्ण ठाऊक नसतो. ज्याच्या हाती खुरपे, त्याच्या दारी ते वाढते.

पीडाही नाही, चमत्कारही नाही

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही कसोटी आपण दोन्ही बाजूंना लावली पाहिजे. झाडाने पीडा येते हे जसे खोटे, तसेच या झाडाने खोलीतील हवा शुद्ध होते, आजार जातात, ही जाहिरातही पारखून घ्यावी.

१९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने काही झाडे बंद पेटीत ठेवून प्रयोग केले. त्यांत हेही झाड होते. पेटीतील काही विषारी वायू कमी झाले, हे खरे. पण आपले घर बंद पेटी नसते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. खिडकी-दारातून साधी हवा खेळली तर जेवढी शुद्धी होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील, असे त्यात निघाले. आपली दहा फूट बाय दहा फुटांची खोली म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ९३ कुंड्या! मग माणसांनी झोपायचे कुठे?

हे झाड रात्री ऑक्सिजन देते असेही सांगतात. खरी गोष्ट अशी, की कोरड्या प्रदेशातल्या अनेक झाडांप्रमाणे हे झाड पाणी वाचवण्यासाठी आपली बारीक छिद्रे रात्री उघडते आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवते. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा, स्वयंपाकाचा धूर बाहेर जाऊ द्या, आणि झाड लावा ते डोळ्यांना बरे वाटते म्हणून. बाबासाहेबांना बागेची मोठी आवड होती, असे त्यांच्या सहवासातील मंडळींनी लिहून ठेवले आहे. एवढ्या कामाच्या रगाड्यात त्या महापुरुषाला हिरवाईची ओढ होती, मग आपल्या घराला ती का नसावी?

वाटणी कशी करावी?

आता मुख्य कामाकडे वळू. आपल्याकडे कुंडी बदलायला चांगला काळ म्हणजे थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. ऐन थंडीत झाड सुस्त असते आणि मुसळधार पावसात कापलेला गड्डा कुजतो. कुंडी फुगली, गड्डे वर दिसू लागले किंवा पाणी घालताच खालून झरझर निघून जाऊ लागले, की वेळ आली असे समजावे.

१. आठवडाभर आधी पाणी बंद करावे. कोरडी माती सहज सुटते आणि मुळे तुटत नाहीत.

२. कुंडी आडवी करून कडेने थोपटावी आणि झाड बुडाशी धरून बाहेर काढावे. पाने ओढू नयेत. निघतच नसेल तर प्लास्टिकची कुंडी कापावी. झाडापेक्षा कुंडी स्वस्त!

३. माती झाडून गड्डा मोकळा करावा. कुठे फुटवे आहेत, कुठे मुळे आहेत, ते नीट पाहावे.

४. धारदार सुरी गॅसच्या ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून स्वच्छ करावी आणि गार झाल्यावर गड्डा कापावा. प्रत्येक भागाला स्वतःची मुळे आणि निदान दोन-तीन पाने असलीच पाहिजेत. मऊ, काळा, घाण वास येणारा भाग काढून टाकावा.

५. कापलेले तुकडे लगेच लावू नयेत. सावलीत एक-दोन दिवस ठेवून जखम सुकू द्यावी. घरोघरी त्यावर हळद किंवा राख लावतात, पण खरे औषध म्हणजे कोरडी हवा.

६. नव्या कुंडीत झाड पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावावे. पाने मातीत गाडू नयेत. डुलत असेल तर काडीचा आधार द्यावा.

७. पहिले पाणी चार-पाच दिवसांनी, तेही बेताचे. महिनाभर कडक उन्हात ठेवू नये.

आमच्या त्या एका कुंडीतून सात भाग निघाले. मुलीने वहीत प्रत्येकाची पाने मोजून लिहून ठेवली. सगळ्यांत लहानाला दोन, सगळ्यांत मोठ्याला पाच.

माती आणि डबा

या झाडाला ओल धरून ठेवणारी माती चालत नाही. शेतातली नुसती काळी चिकण माती तर मुळीच नको. दोन भाग साधी तांबडी माती, एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एवढे पुरे. बांधकामावर पडलेला विटांचा चुरा विचारून आणावा. विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही. वाळू असल्यास धुऊन घ्यावी, म्हणजे तिच्यातील धूळ निघून जाते.

कुंडी विकतच पाहिजे असे नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा, रंगाची स्वच्छ धुतलेली बादली, फुटका माठ, काहीही चालते. अट एकच. बुडाला निदान चार-पाच भोके हवीत. प्लास्टिकला तापवलेल्या खिळ्याने भोके पाडता येतात, पण ते काम मोठ्या माणसाने करावे. आणि गड्डा केवढा, त्यापेक्षा दोन बोटे रुंद एवढाच डबा घ्यावा. मोठ्या भांड्यात झाड लवकर वाढेल असे वाटते, पण जास्तीची माती जास्त ओल धरते आणि मुळे कुजतात.

आमची चूक

सात कुंड्यांपैकी एक आम्ही आमच्या घरी नेली आणि ती आमच्याच हातून मेली! कबूल करायला लाज कसली? रोज सकाळी दात घासून झाले की तांब्याभर पाणी घालायचो. घरच्यांनी सांगितले, “अहो, त्याला तहान लागली तर ते सांगेल.” आम्ही ऐकले नाही. तीन आठवड्यांत पाने बुडाशी पिवळी पडली, मऊ झाली आणि हात लावताच एकेक कोलमडली. वर उपटून पाहिले तर गड्ड्याचा लगदा. हे झाड उपासाने क्वचित मरते, बहुधा अति लाडाने मरते.

म्हणून पाण्याचा नियम असा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर पाणी घालू नये, पूर्ण कोरडे असेल तरच घालावे. उन्हाळ्यात साधारण दहा-पंधरा दिवसांनी एकदा, थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा. पावसाळ्यात बाहेर असेल तर छपराखाली घ्यावे. पाणी मातीत घालावे, पानांच्या मधल्या खोबणीत साठू देऊ नये. पानांवर सुरकुत्या पडल्या, ती आत वळू लागली, की तहान लागली असे समजावे. बुडाशी पिवळी आणि मऊ झाली, की पाणी फार झाले. तेव्हा उपटून कुजका भाग कापावा आणि उरलेला सुकवून नव्या मातीत लावावा.

उजेड म्हणाल तर खिडकीजवळचा, उन्हाचा थेट मारा नसलेला, सर्वांत चांगला. अंधाऱ्या खोलीत ते तग धरते, पण वाढत नाही. हमरस्त्याजवळच्या घरांत पानांवर धूळ बसते, ती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. कापसासारखे पांढरे किडे दिसले तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढावेत. खत वर्षातून दोनदा मूठभर पुरे.

पानापासून रोप

वाटणी करताना एखादे पान मोडले तर फेकू नये. त्याचे चार बोटे लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येकाची खालची बाजू कोणती ते खूण करून ठेवावे, कारण उलटे लावल्यास मुळे येत नाहीत. दोन-तीन दिवस सुकवून वाळूमिश्रित मातीत बोटाच्या पेराएवढे रोवावेत. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. नवा फुटवा वर यायला आणखी काही महिने लागतात, घाई करू नये.

यात एक गंमत आहे. पिवळ्या काठाच्या पानाचा तुकडा लावला, तर त्यातून येणारे रोप साधे हिरवे निघते. पिवळा काठ हवा असेल तर गड्ड्यासकट, मुळासकट वाटणी करावी लागते. मुलीने हे वाचले आणि म्हणाली, “म्हणजे मूळ असेल तरच रंग टिकतो.” आम्ही ते वाक्य तिच्याच वहीत तिलाच लिहायला लावले.

दोन गोष्टींची काळजी

या झाडाचे पान चावल्यास मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. त्यामुळे रांगत्या मुलाच्या आणि पाळीव मांजराच्या तोंडाशी कुंडी ठेवू नये. कापाकापी झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका! डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एक वार ठरवून ताटल्या रिकाम्या कराव्यात आणि काथ्याने घासाव्यात. कोरड्या ताटलीला चिकटलेली अंडी महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. घरात एकाला डेंग्यू झाला तर दोन आठवड्यांची मजुरी बुडते. झाडाच्या हौसेपायी ती बुडू नये.

सहा दारी सहा कुंड्या

वैशाख पौर्णिमेपर्यंत उरलेल्या सहाही कुंड्यांनी मूळ धरले होते. हलवून पाहिले तर डुलत नव्हत्या. त्या दिवशी वंदना झाल्यावर मुलीने त्या वस्तीतील विहारात ओळीने मांडल्या. एक विहाराच्या खिडकीत राहिली, एक तिच्या घरी आणि चार वस्तीतील घरांत गेल्या. त्यातली एक शेजारच्या आजींनी स्वतः मागून घेतली. नर्सरीत एका कुंडीला दोन-तीन दिवसांच्या भाजीचे पैसे पडतात. इथे सगळा खर्च दोन पिशव्या खताचा.

आपल्याला वाटणीची ही रीत नवी नाही. सम्राट अशोकांची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली, ती अनुराधपूरला वाढली. त्याच अनुराधपूरच्या वृक्षाचे रोप भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणले आणि ते नागपूरच्या दीक्षाभूमीवर वृक्ष होऊन उभे आहे. मूळ झाडाचे काही कमी झाले नाही आणि सावली मात्र दोन देशांना मिळाली.

पुढे दहावीचा निकाल लागला. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. अभ्यास तिने केला होता, झाडाचा त्यात काही हात नव्हता. तिने ते स्वतःच आजींना सांगितले. आणि पावसाळा संपल्यावर एक दिवस ती आमच्या दारात आली. हातात तेलाचा छोटा डबा, त्यात एक हिरवा कोंब. मोडक्या पानापासून तिने वाढवलेले रोप होते, साधे हिरवे, पिवळ्या काठाशिवाय.

“काका, हे तुमच्यासाठी. पण रोज पाणी घालायचं नाही हं!”

आम्ही ते खिडकीत ठेवले आहे. पंधरा दिवसांतून एकदा बोट घालून पाहतो, मगच तांब्या उचलतो.

जयभीम!